दान नव्हे, थकबाकी

चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ ह्या छोटेखानी कादंबरीवर तिच्या निंदकांनी जेवढा अन्याय केला नाही, तेवढा तिच्या चाहत्यांनी केला आहे. निंदक निदान ती वाचून तिच्याशी भांडले. चाहत्यांनी तिचे तात्पर्य एका ओळीत बसवून टाकले, आणि मग ती पुन्हा वाचण्याचे त्यांस कारणच उरले नाही. एक होता कंजूष म्हातारा. नाताळच्या आदल्या रात्री त्याला भुते दिसली. तो घाबरला, रडला, आणि सकाळी उठून दानशूर झाला. सबब मुलांनो, कंजूषपणा करू नये, गोरगरिबांस दानधर्म करावा! शाळेसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्त्यांत, परीक्षेच्या मार्गदर्शिकांत आणि दर डिसेंबरात दाखविल्या जाणाऱ्या चित्रपटांत बहुधा हेच तात्पर्य हाती येते. त्याला जोडून पात्रांचा एक तक्ताही तयार असतो. स्क्रूज म्हणजे लोभ, त्याचा कारकून बॉब क्रॅचिट म्हणजे सोशिकपणा, बॉबचा पांगळा मुलगा टिम म्हणजे निरागसता, आणि स्क्रूजचा भाचा फ्रेड म्हणजे आनंदी वृत्ती. एकेका पात्राच्या कपाळी एकेका गुणाची वा अवगुणाची चिठ्ठी डकवली, की बोधामृत तयार!

आमचे म्हणणे असे की, हे तात्पर्य अपुरे नव्हे, चुकीचे आहे. ह्या पुस्तकात दानाची महती गायलेलीच नाही. त्यात देण्याघेण्याचा हिशेब मांडलेला आहे. स्क्रूज अखेरीस जे देतो ते दान नसून वर्षानुवर्षे तुंबलेली थकबाकी आहे, आणि पुस्तकातील प्रत्येक महत्त्वाचे पात्र हे ह्या थकबाकीचे एकेक कलम आहे. हा भेद केवळ शब्दांचा खेळ आहे असे कोणी समजू नये. दान देणारा मोठा होतो आणि घेणारा मिंधा होतो. कर्ज फेडणारा मोठा होत नाही, नुसता मोकळा होतो. आणि आपले येणे वसूल करून नेणाऱ्याला मान खाली घालण्याचे कारण पडत नाही. डिकन्सने पहिली गोष्ट लिहिली की दुसरी, ह्यावर त्याच्या पुस्तकाची सारी नीती अवलंबून आहे.

ही कादंबरी १८४३ सालच्या डिसेंबरच्या १९ तारखेस लंडन येथे प्रसिद्ध झाली. त्या वर्षाच्या आरंभी डिकन्सच्या मनात कथा नव्हतीच. कारखान्यांतून व धंद्यांतून राबणाऱ्या मुलांच्या स्थितीची चौकशी करण्यास नेमलेल्या सरकारी मंडळाचा दुसरा अहवाल त्याच्या वाचनात आला होता, आणि गरिबाच्या मुलाची कैफियत मांडणारे एक पत्रक काढावे असा त्याचा बेत होता. सप्टेंबरात त्याने लंडनमधील फील्ड लेन येथील, चिंध्या पांघरलेल्या मुलांसाठी चालविलेली फुकट शाळा डोळ्यांनी पाहिली. पत्रकाचा बेत त्याने सोडला तो विषय बदलला म्हणून नव्हे, तर कथेचा घाव पत्रकाच्या घावाहून कितीतरी पटीने जोराचा बसेल अशी त्याची खात्री झाली म्हणून. सुमारे सहा आठवड्यांत त्याने हे पुस्तक लिहून हातावेगळे केले. किंमत ५ शिलिंग होती, आणि नाताळच्या आत ६,००० प्रती खपल्या.

ह्या किमतीकडे वाचकांनी जरा लक्ष द्यावे. कथेतील बॉब क्रॅचिटचा पगार आठवड्यास १५ शिलिंग आहे. म्हणजे बॉबला स्वतःचीच कथा विकत घ्यावयाची झाली असती, तर आठवड्याच्या मिळकतीचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता. पुस्तक बॉबसाठी नव्हते. बॉबला नोकरीस ठेवणाऱ्यांसाठी होते. ज्याच्याकडून येणे असते त्याच्याच दारी तगादा जातो. आणि कर्ज, तगादा, जप्ती हे शब्द डिकन्सला कोशातून शिकावे लागले नव्हते. १८२४ साली, तो बारा वर्षांचा असताना, त्याचा बाप कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात पडला, आणि पोराला बुटांचे पॉलिश तयार करण्याच्या कारखान्यात डब्यांवर कागद चिकटवीत बसावे लागले. अशा लेखकाने लिहिलेल्या सावकाराच्या गोष्टीत हिशेबाची भाषा उगीच आली असेल असे मानणे भोळेपणाचे होय.

आता स्क्रूजकडे वळू. मोलियेरच्या १६६८ सालच्या ‘कंजूष’ ह्या नाटकातील हार्पागाँ हा नमुनेदार कृपण. त्याचा जीव पुरून ठेवलेल्या पेटीत असतो, आणि पेटी हरवली की तो वेडापिसा होतो. प्रेक्षक हसतात, कारण हार्पागाँ आपल्यासारखा नाही हे प्रत्येकास ठाऊक असते. स्क्रूज ह्या जातीचा नव्हे. तो लंडनच्या व्यापारपेठेतील पतदार गृहस्थ आहे. त्याच्या सहीला मोल आहे. त्याने कोणाचा पैसा बुडविलेला नाही, खोटे कागद केलेले नाहीत, कारकुनाचा ठरलेला पगार अडवून ठेवलेला नाही. तो कर भरतो. कायद्याच्या दृष्टीने पाहता ह्या मनुष्याच्या अंगाला एकही डाग नाही. आणि हीच तर डिकन्सची खरी मेख आहे. चोराला चोर म्हणण्यास कादंबरीकाराची गरज नसते. ज्याचे सारे व्यवहार चोख आहेत त्याच्याकडे बाकी निघते हे दाखविण्यास ती असते.

नाताळच्या आदल्या दिवशी दोन सद्गृहस्थ स्क्रूजच्या पेढीवर गरिबांसाठी वर्गणी मागावयास येतात. तेव्हा तो विचारतो की, तुरुंग आणि वर्कहाउस ह्या संस्था बंद पडल्या आहेत काय? त्या पोसण्यासाठी आपण कर देतो, तेवढे पुरे आहे. तेथे जाण्यापेक्षा कित्येक जण मरण पत्करतील असे उत्तर मिळताच, मग त्यांनी मरावे, तेवढीच जादा लोकसंख्या कमी होईल, असे तो सुनावतो. हे उद्गार वाचून आपण स्क्रूजला राक्षस म्हणतो आणि पुढे जातो. वस्तुतः हे विचार त्याचे स्वतःचे नाहीतच. ते त्या काळच्या शिष्ट समाजाकडून उसने घेतलेले आहेत. माल्थसने १७९८ साली लोकसंख्येवरील निबंध प्रसिद्ध केल्यापासून, गरिबांस मदत केल्याने गरीबच वाढतात, हे मत शास्त्राच्या थाटात मिरवत होते. १८३४ सालच्या नव्या दारिद्र्य-कायद्याने त्या मताला इमारत बांधून दिली. त्या इमारतीचे नाव वर्कहाउस. धडधाकट गरिबाला घरबसल्या मदत मिळू नये. मदत हवी असेल तर त्याने ह्या दरिद्रगृहात यावे. आणि तेथील जिणे बाहेरच्या हलक्यातल्या हलक्या मजुराच्या जिण्याहूनही वाईट असावे, हे त्या कायद्याचे धोरण होते. नवरा एका कोठडीत, बायको दुसऱ्या, मुले तिसऱ्या, अशी ताटातूट तेथे होत असे. एतावता स्क्रूज हा समाजाबाहेरचा विक्षिप्त म्हातारा नसून समाजाने मान्य केलेल्या सिद्धांताचा प्रामाणिक अनुयायी आहे. इतर जे चहाच्या टेबलापाशी गोड शब्दांत बोलत, ते तो उघड बोलतो एवढाच फरक.

अशा मनुष्यास उत्तर कसे द्यावयाचे? सिद्धांताला सिद्धांताने उत्तर देता येते, आणि ते काम अर्थशास्त्रज्ञांनी करावे. डिकन्सने उत्तरादाखल माणसे उभी केली. परंतु वाटेल तशी नव्हेत. गतकाळाचे भूत स्क्रूजला जी दृश्ये दाखविते त्यांचा क्रम ज्याने बारकाईने पाहिला असेल, त्याला त्यात खतावणीची शिस्त दिसल्याखेरीज राहणार नाही. पहिल्या दृश्यात सुटीत सारे विद्यार्थी घरी गेले असता शाळेत एकटाच राहिलेला बाल स्क्रूज दिसतो. तो पाहून म्हाताऱ्याला आठवण होते ती काल संध्याकाळी दाराशी गाणे म्हणणाऱ्या आणि आपण हुसकावून लावलेल्या पोराची. त्याला काही द्यावयास हवे होते, असे तो म्हणतो. पुढे त्याची धाकटी बहीण फॅन दिसते, जिने त्याला त्या एकांतातून घरी नेले. ती वारली, पण तिचा मुलगा मागे राहिला, एवढे भूत सुचविते, आणि स्क्रूज चपापतो. कारण तो मुलगा म्हणजे आदल्याच दिवशी जेवणाचे आमंत्रण घेऊन आलेला आणि अपमान होऊन परत गेलेला फ्रेड. मग जुना मालक फेझिविग दिसतो, आणि स्क्रूजला आपल्या कारकुनाशी दोन शब्द बोलावेसे वाटते. एका बाजूला जे मिळाले ते, दुसऱ्या बाजूला ज्याला देणे आहे तो. जमेच्या प्रत्येक रकमेसमोर येणेकऱ्याचे नाव. ह्याला भुताटकी म्हणा वा स्वप्न म्हणा; आम्ही त्याला हिशेबतपासणी म्हणतो.

ह्यात फेझिविगचे कलम विशेष मोलाचे आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तो दुकान आवरून नोकरचाकरांना आणि शेजारपाजाऱ्यांना घेऊन नाच करतो. खर्च झाला तीन-चार पौंड, त्यात एवढे काय आहे, असे भूत मुद्दाम डिवचून विचारते. तेव्हा स्क्रूज उसळून उत्तर देतो की, मालकाच्या हाती आपल्याला सुखी वा दुःखी करण्याचे, काम हलके वा जड करण्याचे सामर्थ्य असते, आणि त्याने दिलेल्या सुखाची किंमत पौंडांत होत नाही. स्क्रूजच्या तोंडून निघालेले हे पहिले शहाणे वाक्य आहे, आणि ते दयेविषयी नाही. ते सत्तेविषयी आहे. ज्याच्या हाती दुसऱ्याचा दिवस आहे त्याच्यावर त्या दिवसाची जबाबदारी आहे. बॉबच्या खोलीत एकाच कोळशाचा विस्तव ठेवणे हे पगाराच्या करारात बसत असेलही. पण मालकीच्या जबाबदारीत ते बसत नाही.

बेल ह्या वाग्दत्त वधूचे कलम निराळे आहे. ती रडून आकांत करीत नाही. आपला करार आपण दोघेही गरीब असताना झाला होता, आता तू पालटला आहेस, म्हणून मी तुला त्यातून मुक्त करते, अशा अर्थाचे ती बोलते. जणू ती फारकतीचा कागद त्याच्या हाती देते. स्क्रूजने तो मुकाट्याने घेतला. कायद्याने तो सुटला. आणि पुस्तक सांगते की, असे सुटणे हेच बुडणे होय.

जेकब मार्लेच्या भुताचा बोध तर इतका उघड आहे, की तो वाचकांच्या नजरेतून निसटतोच. सात वर्षांपूर्वी मेलेल्या ह्या भागीदाराच्या अंगाभोवती साखळी आहे, आणि तिच्या कड्या म्हणजे पैशाच्या पेट्या, किल्ल्या, कुलुपे, चोपड्या, खते आणि पोलादी थैल्या. त्याच्या पायात चोरीची बेडी नाही. धंद्याचीच हत्यारे आहेत. भूत जाताना स्क्रूज खिडकीतून पाहतो तो हवा अशाच बेड्यांतील भुतांनी भरलेली. खाली एका उंबऱ्यावर तान्हे मूल घेऊन बसलेल्या बाईला मदत करता येत नाही, म्हणून त्यांतील एक भूत आक्रोश करीत आहे. डिकन्सने नरक कल्पिला तो आगीचा नव्हे. देण्याची इच्छा झाली तेव्हा देण्याची शक्ती संपली होती, मुदत टळून गेली होती, हा तो नरक. आणि त्या गर्दीत काही भुते एकाच साखळीत एकत्र जखडलेली आहेत. ती बहुधा अपराधी सरकारे असावीत, असे लेखक जाता जाता म्हणून ठेवतो. ह्या कंसातल्या शेऱ्याची आठवण वाचकांनी ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

बॉब क्रॅचिटच्या घरी आपण येतो तेव्हा चिठ्ठ्या चिकटविणारांची फार पंचाईत होते. हे कुटुंब म्हणजे सोशिक गरिबीचे चित्र असे ते म्हणतात. पण डिकन्सने येथेही आकडे दिले आहेत. कॅम्डन टाउनमध्ये चार खोल्यांचे घर, सहा मुले, बापाचे १५ शिलिंग, थोरली मुलगी टोप्या करणाऱ्याकडे उमेदवार, आणि थोरल्या मुलाला आठवड्यास साडेपाच शिलिंगांची जागा मिळण्याची आशा. बायकोचा झगा दोनदा उलटून शिवलेला, त्यावर सहा पेन्सच्या फिती. बॉब भाबडा आहे हे खरे. त्या जेवणाचा यजमान म्हणून तो स्क्रूजच्या नावाने पेला उचलतो. पण मिसेस क्रॅचिट तेथल्या तेथे फणकारते, आणि असल्या कठोर, चिक्कू मनुष्याचे आरोग्य चिंतावयाचे ते केवळ सणाच्या दिवसासाठी, असे स्पष्ट बजावते. आमच्या मते ही बाईच ह्या पुस्तकातील खरी हिशेबनीस आहे. ह्या जेवणाचे पैसे कोणाच्या कष्टाचे आहेत हे तिला चोख ठाऊक आहे. डिकन्सला केवळ कृतज्ञ गरीब दाखवावयाचे असते, तर ही बाई त्याने गप्प बसविली असती. ती बोलते, आणि ती खोटे बोलते असे लेखक कोठेही म्हणत नाही.

चिमुकल्या टिमविषयी बोलताना सुशिक्षित टीकाकार नाक मुरडतात. कुबडी घेतलेले गोजिरवाणे पोर उभे करून वाचकांच्या डोळ्यांतून पाणी काढणे ही सवंग युक्ती आहे, असे त्यांचे म्हणणे. डिकन्सला अश्रूंचा मोह होता हे आम्हीही नाकारीत नाही. परंतु टिम येथे कशासाठी आला आहे हे पाहावे. स्क्रूजने ‘जादा लोकसंख्या’ असा शब्द वापरला. शब्दाला तोंड नसते, नाव नसते, चुलीजवळची जागा नसते. हा मुलगा जगेल काय, असे स्क्रूज कळवळून विचारतो, तेव्हा भूत त्याचेच शब्द त्याला परत करते: मरायचा असेल तर मरो, जादा लोकसंख्या कमी होईल. जो शब्द पेढीवर सिद्धांत होता तोच चुलीजवळ खून ठरतो. हे काम युक्तिवादाने झाले नसते. त्यासाठी टिमच हवा होता. टिम वाचला हे स्पष्ट सांगणारे शब्द मूळ हस्तलिखितात नव्हते. ते छपाईच्या वेळी घातले गेले. ते गोड शेवटासाठी घातले असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, हिशेबाच्या अखेरीस बाकी काय राहिली ते लिहावेच लागते.

आणि ज्यांना ह्या पुस्तकात केवळ गोडवा दिसतो, त्यांनी वर्तमानकाळाच्या भुताच्या झग्याखालून निघालेली दोन मुले पाहिली नाहीत. मुलगा म्हणजे अज्ञान, मुलगी म्हणजे दैन्य; पिवळी, हाडाडलेली, हिंस्र पोरे. ही मनुष्यजातीची अपत्ये आहेत, दोघांपासून सावध राहा, पण मुलापासून अधिक, कारण त्याच्या कपाळी सर्वनाश लिहिलेला आहे, असा इशारा भूत देते. ह्या मुलांना कोठे आसरा नाही काय, असे विचारताच स्क्रूजला पुन्हा त्याचेच तुरुंग आणि वर्कहाउस ऐकावे लागतात. १९३८ सालच्या अमेरिकन चित्रपटात ही दोन मुले गाळून टाकली होती. गाळणारांना आपण काय गाळतो हे बरोबर समजले असावे! टिमची कीव करता येते. ह्या दोघांची भीती वाटते. टिमला टर्की पाठवून भागते. ही मुले मागण्यास आलेली नाहीत, ती वसुलीस आलेली आहेत.

भविष्यकाळाच्या भागात तर हिशेबाची वहीच उघडी होते. मेलेल्या स्क्रूजचे पडदे, पांघरुणे आणि अंगावरचा सदरा चोरून तीन माणसे जो नावाच्या भंगारवाल्याकडे आणतात. तो म्हातारा प्रत्येक नगाची किंमत खडूने भिंतीवर मांडतो आणि बेरीज करतो. ज्याने जन्मभर माणसांची किंमत केली त्याची अशी किंमत झाली. त्याच्या मरणाने कोणाच्या मनात काही भावना उठली असेल तर दाखव, अशी स्क्रूज विनवणी करतो, तेव्हा भूत त्याला कॅरोलाइन आणि तिचा नवरा ह्या ऋणको जोडप्याकडे नेते. सावकार मेला, आता मुदत मिळेल, आज रात्री सुखाने झोपू! मरणानंतर उठलेली एकमेव भावना म्हणजे आनंद. कोणत्या धर्मोपदेशकाने एवढे कठोर व्याख्यान दिले आहे?

आता आक्षेपकांकडे पाहू. १८४४ साली ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’ ह्या लंडनच्या त्रैमासिकाने असा प्रश्न केला होता की, बॉबला टर्की मिळाला तेव्हा तो न मिळालेला दुसरा कोण होता? मोठी बुद्धिमान शंका! पण तो पक्षी नाताळच्या सकाळी दुकानात तसाच लटकत होता, हे आक्षेपकांनी पाहिले नसावे. शिवाय स्क्रूजचा पैसा त्याच्या स्वतःच्याही उपयोगी पडत नाही, हे फ्रेडने आधीच सांगून ठेवले आहे. कोणाच्या ताटातील घास काढला गेला नाही. चोपडीतला एक आकडा तेवढा कमी झाला.

१९४० साली जॉर्ज ऑर्वेल ह्यांनी डिकन्सवरील निबंधात अधिक वजनदार आक्षेप घेतला. समाजरचना बदलण्याची योजना डिकन्सपाशी नाही. माणसे सज्जनपणे वागली तर जग सज्जन होईल, एवढेच त्याचे सांगणे, असा त्यांचा आशय. हा आक्षेप उद्धृत करणारे एक गोष्ट विसरतात, की नुसती नैतिक टीकाही राजकीय टीकेइतकीच क्रांतिकारक असू शकते, हेही त्याच निबंधात ऑर्वेल ह्यांनी कबूल केले आहे. ते असो. डिकन्सने कायद्याचा मसुदा दिला नाही हे खरे, आणि एका स्क्रूजने एका बॉबचा पगार वाढविल्याने इंग्लंडचे दारिद्र्य गेले नाही हेही खरे. परंतु साखळीत जखडलेली सरकारे ज्याने दाखविली, त्याला फक्त व्यक्तीचे हृदय दिसत होते असे म्हणता येत नाही. आणि कायदा येतो तो तरी केव्हा? गरिबाला मिळते ती भीक, असे समाज समजतो तोवर वर्कहाउसच उभी राहतात. ते त्याचे येणे आहे हे पटले, म्हणजे मग कायद्याला भाषा सापडते. १८३४ च्या कायद्याचा अवशेष इंग्लंडात १९४८ साली कायद्यानेच पुसला गेला. ते श्रेय ह्या लहानशा पुस्तकाला देणे वेडेपणाचे होईल. पण ज्या विचाराचा शेवटी जय झाला तो विचार ह्यात आहे, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

तिसरा आक्षेप एडमंड विल्सन ह्या अमेरिकन टीकाकारांचा. नाताळचा भर ओसरल्यावर स्क्रूज पुन्हा पूर्वीसारखा कुढा आणि संशयी होईल, असे त्यांनी सुचविले. मनाविषयी ते बोलत असतील तर बोलोत. मनाचा भरवसा कोणी द्यावा? पण डिकन्सने पुरावा मनाचा दिलेलाच नाही. व्यवहाराचा दिला आहे. स्क्रूजचे अश्रू हा पुरावा नव्हे. दुसऱ्या दिवशी बॉब साडेअठरा मिनिटे उशिरा येतो, आणि स्क्रूज त्याचा पगार वाढवितो, हा पुरावा. बॉबला वाटते की धनी वेडा झाला. त्याला पट्टीने पाडून लोकांना हाका माराव्यात काय, असाही विचार त्याच्या मनात येऊन जातो. हा विनोद कडू आहे. पगार वाढविणे हे ज्या जगात वेडाचे लक्षण ठरते, त्या जगावर तो आहे. टर्की वर्षातून एकदा येतो आणि पाठविणारास दुवा मिळवून देतो. पगार दर आठवड्यास येतो आणि त्यात उपकाराचा वास नसतो. केवळ दानशूरतेची गोष्ट लिहावयाची असती तर डिकन्स टर्कीपाशी थांबला असता.

आमच्याकडे फडके आणि खांडेकर ह्यांच्या नावाने गाजलेला ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद ज्यांना आठवत असेल, ते विचारतील की, मग ही कादंबरी म्हणजे प्रचारच नव्हे काय? ह्यावर आमचे उत्तर असे. बोध पात्रांच्या तोंडी घातला म्हणजे प्रचार होतो. बोध पात्रांच्या परस्परसंबंधातून निघाला म्हणजे कथा होते. ह्या पुस्तकात उपदेश करणारी भुते आहेत, हे आम्ही लपवीत नाही. पण ती भुते काढून टाकली तरी फेझिविगचा नाच, मिसेस क्रॅचिटचा फणकारा, जोच्या भिंतीवरचा खडू आणि कॅरोलाइनचा निःश्वास हे तोच बोध सांगत राहतील. आणि फ्रेड? ह्या साऱ्या हिशेबात काहीच न मागणारा तोच एक आहे. तो दरवर्षी आमंत्रण देतो, दरवर्षी नकार घेतो, आणि पुढल्या वर्षी पुन्हा येण्याचे ठरवितो. सगळे देणे पैशाने फिटत नाही, हे सांगण्यासाठी तो आहे. त्याच्या दारी स्क्रूजला रिकाम्या हाताने, नुसते जेवावयास, जावे लागते.

शेवटी एक बारीकसा प्रसंग. नाताळच्या सकाळी स्क्रूजला रस्त्यात वर्गणी मागणारा तोच गृहस्थ भेटतो. स्क्रूज त्याच्या कानात रक्कम सांगतो. गृहस्थ थक्क होतो. आणि स्क्रूज खुलासा करतो की, हिच्यात पुष्कळशी मागील बाकी धरलेली आहे. आमच्या सबंध विवेचनाचा आधार हा एवढा खुलासा आहे. तो दानशूराच्या तोंडी शोभणारा नाही. तो उशिरा का होईना, शुद्धीवर आलेल्या ऋणकोचा आहे. हा खुलासा गाळून जे ही गोष्ट मुलांना सांगतात, ते त्यांना स्वस्तातली नीती शिकवितात: वर्षभर कसेही वागा, सणाला चार पैसे वाटा आणि सुखाने झोपा. जे घराणे आपल्या नोकरमाणसाला दिवाळीला जुना कोट देऊन धन्य होते आणि बारा महिने त्याच्या पगाराचा विचारही करीत नाही, त्याला असले तात्पर्य फार सोयीचे आहे. डिकन्सचे तात्पर्य तितके सोयीचे नाही. स्क्रूजने किती रक्कम सांगितली हे त्याने शेवटपर्यंत छापले नाही, आणि ते योग्यच केले. ज्याने त्याने आपली चोपडी उघडून आपला आकडा काढावयाचा आहे.